जीवाणू जेव्हा औषध होतात

जंतू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पटकी, विषमज्वर, क्षय अशा रोगांची नावे उभी राहतात. पाणी उकळून प्यावे, जेवणापूर्वी हात धुवावेत, अन्न झाकून ठेवावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. अशा वेळी एखाद्या डॉक्टरने आतड्याच्या रोग्याला कोट्यवधी जिवंत जीवाणू भरलेली कॅप्सूल गिळायला सांगितली तर? आणि तेही एका माणसाच्या विष्ठेतून मिळवलेल्या जीवाणूंचे वंशज! ऐकून कसेसेच वाटेल. परंतु असे उपचार खरोखर होतात. ते कोणत्या रोगावर होतात, का होतात आणि त्यांचा उपयोग होतो हे कसे ठरवतात, ते आता पाहू.

पोटातील लोकवस्ती

आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. या मोठ्या आतड्यात जीवाणूंची दाट वस्ती आहे. तेथील एक ग्रॅम पदार्थात सुमारे १० हजार कोटी जीवाणू सापडतात. ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या शरीरात एकूण ३८ लाख कोटी जीवाणू असावेत, असा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी भरतात. म्हणजे संख्येत पाहुणे यजमानाला थोडे भारीच आहेत! वजनात मात्र ते सारे मिळून जेमतेम २०० ग्रॅम होतात, कारण जीवाणू आपल्या पेशीपेक्षा फारच लहान असतो.

मोठ्या आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ नसतोच. त्यामुळे तेथील बहुसंख्य जीवाणू विनॉक्सी, म्हणजे प्राणवायूशिवाय जगणारे आहेत. कित्येकांना तर हवा लागताच मरण येते.

हे पाहुणे फुकट जेवत नाहीत. भाजीपाला, कडधान्ये, कोंडा यांतील जे तंतू आपल्याला पचवता येत नाहीत ते हे जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी लहान आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातील साखरेपासून नव्हे, तर या ब्युटिरिक आम्लापासून मिळवतात. शिवाय जीवाणू काही जीवनसत्त्वे बनवतात. आणि जागा व अन्न त्यांनी आधीच व्यापलेले असल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूंना सहसा पाय रोवता येत नाहीत. पीक दाट उभे असले की तणाला वाव कमी मिळतो, तसेच हे आहे.

भिंत आणि पहारा

एवढी मोठी वस्ती आणि आपले रक्त यांच्यामध्ये आडोसा कशाचा? अस्तराच्या पेशींच्या केवळ एकेरी थराचा! या पेशी चार-पाच दिवसांत झडतात व नव्या येतात. त्यांच्यावर श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत चिकट पदार्थाचा लेप असतो. मोठ्या आतड्यात हा लेप दुहेरी असून त्याच्या आतल्या थरात जीवाणू जवळजवळ शिरू शकत नाहीत.

भिंतीच्या पलीकडे प्रतिकारयंत्रणेच्या पेशींचा पहारा असतो. या पहारेकऱ्यांचे काम मोठे अवघड आहे. रोगजंतू दिसला तर त्याच्यावर तुटून पडायचे आणि नेहमीचे रहिवासी दिसले तर शांत राहायचे. निरोगी माणसात हा विवेक सहसा सुटत नाही.

काही माणसांत तो सुटतो. मग पहारेकरी घरच्याच रहिवाशांवर हल्ला चढवतात आणि या लढाईत आतड्याची भिंत होरपळते. सूज येते, व्रण पडतात, शौचावाटे रक्त व आव पडते, पोटात कळा येतात, वजन घटते, अशक्तपणा येतो. हा दाह महिनोन् महिने चालतो, मध्येच शमतो आणि पुन्हा भडकतो. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो गुदाशयापासून सुरू होऊन सलगपणे वर पसरतो, पण मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरताच राहतो. दुसरा क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, तुकड्यातुकड्यांनी होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीची सारी जाडी पोखरतो. आपल्या देशात आतड्याचा क्षयही हुबेहूब असाच दिसतो. त्यामुळे दोहोंतील फरक ओळखताना डॉक्टरांची कसोटी लागते.

हे रोग बहुधा तरुण वयात सुरू होतात. शाळा, परीक्षा, नोकरी यांच्या ऐन काळात दिवसातून दहा-दहा वेळा शौचास धावावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना करा. औषधांनी दाह आवरला नाही, तर काही रोग्यांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागते.

जीवाणूंचा यात हात आहे का?

हा प्रश्न सोडवण्यासाठी उंदरांचा फार उपयोग झाला. पहाऱ्यावरील पेशींना ‘शांत राहा’ असा निरोप देणारे इंटरल्यूकिन-१० नावाचे एक प्रथिन आहे. ते बनवता न येणारे उंदीर जर्मनीतील शास्त्रज्ञांनी तयार केले, तेव्हा त्यांना आतड्याचा दाह होतो असे १९९३ साली दिसले. पुढे असेच उंदीर पूर्णपणे निर्जंतुक पेटीत वाढवण्यात आले. त्यांना हवा, पाणी, अन्न सारे जंतुरहित दिले. या उंदरांना दाह झाला नाही! नंतर त्यांच्या आतड्यात नेहमीचे जीवाणू सोडले आणि दाह सुरू झाला.

यावरून दोन गोष्टी कळतात. नुसते जीवाणू असल्याने रोग होत नाही, नाहीतर तो आपणा सर्वांना झाला असता. आणि नुसता जनुकातील दोषही पुरेसा नाही. दोन्ही एकत्र आले म्हणजे आग लागते.

सगळेच जीवाणू आग लावणारे आहेत असेही नाही. फ्रेंच संशोधकांनी २००८ साली क्रोन्स डिसीजच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आतड्यात फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी या जीवाणूचे प्रमाण कमी होते, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत रोग परतण्याची शक्यता अधिक आढळली. हा जीवाणू ब्युटिरिक आम्ल बनवणाऱ्यांपैकी एक प्रमुख आहे. वस्तीतील भले रहिवासी कमी झाले की दाहाला मोकळे रान मिळत असावे. पण सावध राहा! दाहामुळे हे जीवाणू कमी होतात की ते कमी झाल्यामुळे दाह होतो, हे अशा निरीक्षणावरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

जीवाणूंवाचून न चालणारे औषध

गंमत अशी, की जीवाणूंची मदत आपण या रोगात नकळत पूर्वीच घेत होतो. स्वीडनमधील डॉक्टर नाना स्वार्ट्झ या विदुषींनी संधिवातासाठी सल्फासॅलाझिन हे औषध पुढे आणले आणि आतड्याच्या दाहावरही ते गुणकारी असल्याचे त्यांना आढळले. या रेणूत दोन भाग नायट्रोजनच्या दुव्याने जोडलेले असतात. हा दुवा तोडतो कोण? १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सल्फासॅलाझिन साध्या उंदरांना दिले, तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. जंतुरहित उंदरांना दिले, तेव्हा ते जसेच्या तसे राहिले. म्हणजे दुवा तोडणारे आतड्यातील जीवाणूच होते.

मग त्या दोन तुकड्यांपैकी खरे औषध कोणते? ढाक्याचे डॉक्टर आझाद खान हे ऑक्सफर्डमध्ये काम करीत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दोन्ही तुकडे वेगवेगळ्या रोग्यांना बस्तीवाटे देऊन पाहिले. त्यात ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल हा भाग गुणकारी ठरला. त्यालाच आज मेसालाझिन म्हणतात आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसवर ते नेहमी दिले जाते. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

आजारी न पडलेला सैनिक

आता जीवाणूच औषध म्हणून देण्याच्या कल्पनेकडे वळू. पहिले महायुद्ध चालू होते. प्रतिजैविकांचा शोध लागायचा होता. छावण्यांत हगवणीने सैनिक हैराण झाले होते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील जंतुशास्त्रज्ञ आल्फ्रेड निस्ले यांनी एक साधाच पण मार्मिक प्रश्न विचारला : सारे आजारी पडले असताना जो आजारी पडत नाही, त्याच्या आतड्यात काय निराळे आहे?

निस्ले यांनी निरनिराळ्या माणसांच्या विष्ठेतून ई. कोलाय हे जीवाणू वेगळे केले. एकाच पात्रात हे ई. कोलाय आणि रोगजंतू एकत्र वाढवून कोण वरचढ ठरतो ते त्यांनी पाहिले. काही वाण दुबळे निघाले, काही बळकट. आग्नेय युरोपातील आघाडीवर लढून आलेल्या आणि तरीही हगवणीपासून बचावलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतील वाण फारच जोमदार निघाला. १९१७ साली निस्ले यांनी तो जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून औषध म्हणून आणला. आजही तो वाण ‘ई. कोलाय निस्ले १९१७’ या नावाने ओळखला जातो. काट्याने काटा काढावा, तसा जंतूने जंतू काढायचा हा प्रकार होता.

ई. कोलायचे काही वाण भयंकर विषारी असतात, मग हा कसा चालतो? एकाच जातीतील वाणांत फार फरक असतो. निस्ले यांच्या वाणात ई. कोलायच्या घातक वाणांची प्रसिद्ध विषे बनवणारी जनुके नाहीत. उलट मायक्रोसिन नावाची प्रथिने सोडून तो आपल्या जवळच्या भाऊबंदांना मारतो. वाढीसाठी लागणारे लोह तो झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे इतरांना ते कमी पडते. प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत तो अस्तरातील पेशींमधले सांधे घट्ट करतो, असेही दिसले आहे.

कसोटी कशी घेतली?

‘अमक्याने हे घेतले आणि तो बरा झाला’ एवढ्यावर विज्ञानात भागत नाही. विशेषतः आपोआप शमणाऱ्या आणि पुन्हा भडकणाऱ्या रोगात तर मुळीच नाही. रोग शमण्याच्या सुमारास घेतलेली कोणतीही पुडी गुणकारी वाटते. म्हणून रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला जुने औषध किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी पुडी देतात. कोणाला काय मिळाले हे चाचणी संपेपर्यंत रोग्यालाही ठाऊक नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते.

निस्ले यांच्या जीवाणूची अशी एक मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस शमलेल्या ३२७ रोग्यांना बारा महिने एकतर हा जीवाणू किंवा मेसालाझिन दिले. निरुपयोगी पुडी का दिली नाही? मेसालाझिनचा उपयोग आधीच सिद्ध झालेला असताना रोग्यांना वर्षभर औषधावाचून ठेवणे योग्य नव्हते म्हणून. नियमाप्रमाणे शेवटपर्यंत राहिलेल्या रोग्यांत जीवाणू घेणाऱ्या ११० पैकी ४० जणांचा रोग पुन्हा उलटला; मेसालाझिन घेणाऱ्या ११२ पैकी ३८ जणांचा. टक्केवारी काढा : ३६.४ आणि ३३.९. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. म्हणजे शमलेला रोग शमलेला ठेवण्यात या जीवाणूने जुन्या औषधाची बरोबरी केली. त्याने रोग मुळापासून घालवला, असा मात्र याचा अर्थ नाही.

दुसरे उदाहरण इटलीतील बोलोन्याचे. मोठे आतडे काढून टाकलेल्या रोग्यांत लहान आतड्याच्या टोकाची पिशवी करून ती गुदद्वाराला जोडतात. या पिशवीलाही कधी कधी दाह होतो. दाह प्रतिजैविकांनी शमल्यावर ४० रोग्यांपैकी २० जणांना आठ वाणांच्या जीवाणूंचे मिश्रण आणि २० जणांना निरुपयोगी पुडी दिली. नऊ महिन्यांत मिश्रण घेणाऱ्यांपैकी ३ जणांचा दाह परतला. दुसऱ्या गटातील वीसच्या वीस जणांचा परतला. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. क्रोन्स डिसीजमध्ये मात्र अशा जीवाणूंचा ठाम उपयोग दिसलेला नाही. एकाच नावाखाली येणारे दोन रोग उपचाराला असे निरनिराळे उत्तर देतात.

एक वाण की सारी वस्ती?

एक-दोन वाण देण्याऐवजी निरोगी माणसाची सारी जीवाणूवस्तीच रोग्याच्या आतड्यात सोडली तर? यालाच विष्ठारोपण म्हणतात. निरोगी दात्याची विष्ठा तपासून, पाण्यात कालवून, गाळून ती नळीवाटे आतड्यात सोडतात. प्रतिजैविकांमुळे वस्ती उजाड झाल्यावर माजणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जीवाणू जीवघेणी हगवण लावतो. तिच्यावर हा उपाय फारच परिणामकारक ठरला. नेदरलँड्समधील २०१३ च्या चाचणीत १६ पैकी १३ रोगी एकाच वेळच्या उपचाराने आणि आणखी दोघे दुसऱ्या वेळी बरे झाले.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र यश अर्धेमुर्धे आहे. कॅनडातील २०१५ च्या चाचणीत विष्ठारोपण केलेल्या ३८ पैकी ९ जणांचा रोग शमला. नुसते पाणी दिलेल्या ३७ पैकी २ जणांचा. विशेष म्हणजे त्या ९ पैकी ७ जणांचा दाता एकच होता! त्याच वर्षी नेदरलँड्समधील चाचणीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अनेक दात्यांचे मिश्रण प्राणवायूरहित जागेत तयार केले. २०१९ च्या त्यांच्या निष्कर्षात ३८ पैकी १२ रोग्यांना गुण आला. स्वतःचीच विष्ठा परत दिलेल्या ३५ पैकी ३ जणांना. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी विष्ठारोपणाला विशिष्ट आहाराची जोड दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत आठ आठवड्यांनी ३५ पैकी २१ रोग्यांचा रोग शमला होता; नेहमीचे उपचार घेणाऱ्या ३१ पैकी १० जणांचा.

क्लॉस्ट्रिडियमच्या हगवणीत यश एवढे आणि इथे कमी का? विरजणाचा दाखला घेऊ. तापवून कोमट केलेल्या दुधात विरजण चटकन लागते, कारण तेथे प्रतिस्पर्धी उरलेले नसतात. आधीच नासू लागलेल्या दुधात ते नीट लागत नाही. क्लॉस्ट्रिडियमच्या रोग्याचे आतडे प्रतिजैविकांनी उजाड झालेले असते, त्यामुळे नवी वस्ती सहज रुजते. दाहाच्या रोग्यात जुनी वस्ती ठाण मांडून असते. शिवाय त्याचे पहारेकरीही बिथरलेले असतात. ते नव्या रहिवाशांनाही सुखाने राहू देतीलच असे नाही.

जिवंत औषधाचे धोके

साधी गोळी शरीरातून निघून जाते. जिवंत जीवाणू वाढू शकतो. अमेरिकेत २०१९ साली विष्ठारोपणातून अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे ई. कोलाय दोन रोग्यांच्या शरीरात गेले आणि त्यांपैकी एक दगावला. त्या दात्याच्या विष्ठेत अशा जीवाणूंची तपासणी झालेली नव्हती. तेव्हापासून दात्यांची चाचणी अधिक कडक झाली. निस्ले यांच्या जीवाणूतही पेशीतील डीएनएला इजा करू शकणारे कोलिबॅक्टिन हे रसायन बनवणारी जनुके आहेत, असे पुढे आढळले. त्यामुळे रोग्यांना कर्करोग झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरीही शंभर वर्षे वापरलेल्या औषधाकडे पुन्हा बारकाईने पाहणे भाग पडले.

या सर्व कारणांमुळे अमेरिकेतील पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली असा सल्ला दिला, की आतड्याच्या या दाहावर विष्ठारोपण केवळ रीतसर चाचणीतच करावे. हा घरी करून पाहण्याचा उपाय नव्हे, हे वेगळे सांगायला नकोच.

मग रोज दही खाल्ले तर? दही हे उत्तम अन्न आहे. परंतु विरजणातील जीवाणू आणि चाचणीत तपासलेला विशिष्ट वाण एक नव्हेत. ‘जीवाणू उपयोगी असतात’ असे म्हणणे म्हणजे ‘वनस्पती औषधी असतात’ असे म्हणण्यासारखे आहे. कोणती वनस्पती, किती, कोणत्या रोगावर, हे सांगावेच लागते. म्हणून आतड्याच्या दाहाच्या रोग्याने डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून दह्यावर किंवा बाजारातील पुड्यांवर विसंबू नये. औषध मध्येच सोडल्याने शमलेला रोग भडकू शकतो. आणि कोणाला शौचावाटे रक्त पडत असेल, तर लाजेपायी ते लपवू नये. घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. या रोगात वेळेवर केलेल्या उपचाराने आतडे वाचू शकते.

निस्ले यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आजारी पडलेल्यांबरोबरच आजारी न पडलेल्याकडेही पाहिले. आज संशोधक त्याच वाटेने पुढे जात आहेत. ज्या दात्याची विष्ठा गुणकारी ठरते तिच्यात नेमके कोणते जीवाणू आहेत, ते शोधून फक्त तेवढेच शुद्ध स्वरूपात वाढवून देता येतील का, हा पुढचा प्रश्न आहे.

विचार करा

१. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील चाचण्यांतील प्रत्येक गटाची टक्केवारी काढा. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या गटाला पाण्याऐवजी स्वतःची विष्ठा का दिली असावी?

२. दिल्लीच्या चाचणीत विष्ठारोपण आणि आहार दोन्ही एकदम बदलले होते. गुण कशामुळे आला हे वेगळे काढायचे असेल, तर रोग्यांचे किती व कोणते गट करावे लागतील?

३. जंतुरहित उंदीर नसते, तर सल्फासॅलाझिनचा दुवा जीवाणूच तोडतात हे दुसऱ्या कोणत्या रीतीने दाखवता आले असते? प्रतिजैविकांचा उपयोग होईल का?

४. वर्गात करून पाहा : सारखेच दूध दोन वाट्यांत घ्या. एका वाटीतील दूध उकळून कोमट करा, दुसरे कच्चेच ठेवून तेवढेच कोमट करा. दोन्हींना सारखेच विरजण लावून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी रंग, वास आणि घट्टपणा यांची तुलना करा; मात्र चव घेऊ नका. फरक दिसला किंवा दिसला नाही, तरी त्याची कारणे लिहा.